मंदाक्काला गाडी लागत असे

प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पाथर्डी–नगर, पाथर्डी–श्रीरामपूर आणि पाथर्डी–संगमनेर या मार्गांवर गेल्या पाव शतकात ज्यांनी ज्यांनी लाल गाडीने प्रवास केला, त्या तमाम बंधू-भगिनींना, त्यांच्या पिशव्यांना, डब्यांना आणि मांडीवरच्या लेकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या सर्वांच्या लाडक्या वाहक मंदाक्का यांना गाडी लागत असे. होय, गाडी लागत असे. पोटात ढवळणे, तोंडाला पाणी सुटणे, कानशिलं गार पडणे आणि पुढचं सगळं... करंजीच्या घाटात तुम्हाला जे होतं तेच त्यांना होत असे. फरक इतकाच, की तुम्हाला वर्षातून दोनदा आणि त्यांना दिवसातून चारदा. घोषणा समाप्त. ज्यांना धक्का बसला असेल त्यांनी समोरच्या दांड्याला घट्ट धरावे.

मी तिचा ड्रायव्हर. गावोगावच्या कार्यक्रमांत माईक हातात घेऊन बोलण्याची खाज मला लहानपणापासून आहे, त्यामुळे घोषणा मला शोभते. पण ही घोषणा मी पंचवीस वर्षं घशात अडकवून ठेवली होती, आणि त्या काळात फक्त एकदाच ती बाहेर पडू दिली, एकाच माणसापुढे. त्या एका वेळची ही गोष्ट आहे. बाकी जे आठवेल ते मध्ये मध्ये येईल, गाडीत चढणाऱ्या माणसांसारखं.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मी तिसगावच्या स्टँडवर उभा होतो आणि दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. घराला लागून त्यांची पिठाची गिरणी. आयुष्यभर गिरणीच्या आवाजात राहून या माणसाचं बोलणं पार आटलेलं. फोन केला तरी मागे तो खडखडाट असायचाच, आणि त्यातून जे ऐकू येईल ते आपलं. त्या दिवशी फोन उचलला आणि मागे काहीच नव्हतं. गिरणी बंद होती. ते बोलायच्या आधीच मला कळलं. ते म्हणाले, "डायवरभाऊ..." आक्का गेली होती. माझ्या गाडीतले प्रवासी हाका मारत होते.

ती आमच्या आगारात आली तेव्हा बाई कंडक्टर हा प्रकार आमच्याकडे नवा होता. मी अठ्ठावीसचा, ती तिशीची. पहिल्याच दिवशी ती तिकिटांचा ट्रे घेऊन माझ्या गाडीजवळ आली, आणि दहा-बारा टवाळ ड्रायव्हर-कंडक्टर मजा बघायला जमले. आता एवढं प्रेक्षागृह भरल्यावर मी गप्प बसतो होय? मी बॉनेटवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली, दोन्ही हातांवर ठेवली, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "बाईसाहेब, करंजीचा घाट आहे. गाडी लागली तर ही आमच्या आगाराकडून भेट." सगळे पोट धरून हसले. एक जण मागून ओरडला, "चार दिसात घरी जाती बघ!" तिने पिशवी घेतली, नीट घडी केली, ट्रेच्या खाली सरकवली आणि म्हणाली, "ठिवते. तुमच्या कामाला येईल." त्यावर तर आणखी हसू झालं, पण या वेळी माझ्यावर. तेव्हाच माझी तिच्याशी दोस्ती झाली असं मी पुढे सगळ्यांना सांगायचो. ती पिशवी तिला खरंच लागणार होती, आणि माझ्या त्या नाटकामुळेच ती पुढे कुणाजवळ तोंड उघडू शकणार नव्हती, हे मला कळायला सात महिने लागले.

नवरात्रात मोहट्याच्या यात्रेला जादा गाड्या सोडतात. गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि मी आरशात बघितलं तर आक्काचा चेहरा राखेसारखा. ती तिकिटं फाडत होती, पण खाली बघत नव्हती. मान ताठ, नजर थेट माझ्या समोरच्या काचेतून लांब कुठेतरी डोंगरावर, आणि बोटं ट्रेमध्ये चाचपून बरोबर हव्या त्या गड्डीवर. लोकांना वाटायचं, काय हिची ऐट, पंच मारताना बघतसुद्धा नाही! घाट चढून आलो तशी तिने बेल मारली. "डायवरभाऊ, इंजन गरम झालंय. पानी बगा." इंजिन गार होतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तोवर ती उतरून गाडीच्या मागे गेलेली. मी पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरलो, आणि मागच्या चाकाआड ती बाभळीला धरून वाकलेली दिसली.

तोंड धुऊन ती वळली. मी समोर. माझ्या चेहऱ्यावर विनोद येतोय की काय हे ती बघत होती, आणि खरं सांगतो, येत होता. ती म्हणाली, "बोलला तर पुन्यांदा तुमच्या गाडीवर पाय ठिवनार न्हाई. घरात काय सांगून ही नोकरी धरली ते माजं मला ठाऊक. चला, हात ठेवा." आमच्यात स्टेअरिंगवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडत नाहीत. मोडली तर काय होतं ते कुणी बघितलेलं नाही, कारण कुणी मोडलेली नाही. मी केबिनमध्ये चढलो, हात ठेवला आणि शपथ घेतली. त्यानंतर वर्षानुवर्षं आमच्या गाडीचं इंजिन फार गरम व्हायचं. पौषातल्या थंडीतही व्हायचं. आगारातल्या मेकॅनिकने बिचाऱ्याने रेडिएटर दोनदा उतरवून बघितला.

तिने स्वतःवर किती युक्त्या केल्या! निघण्याआधी चहा नाही, फक्त भाकरीचा कोरडा पापुद्रा. घाटात उभं राहायचं ते पुढच्या दाराशी, वारा लागेल असं. कागदी तिकिटं जाऊन मशीन आलं तेव्हा मात्र तिचे हाल झाले, कारण त्या इवल्या पडद्यात खाली बघावंच लागायचं. महिन्याभरात तिने मशीनची बटणं पाठ केली. आणि स्वतःच्या या अभ्यासावर ती साऱ्या तालुक्याची उलटीची डॉक्टर झाली. दारात चढणाऱ्या बाईकडे एक नजर टाकली की ती सांगायची, "तुमी पुढं या. खिडकीशी बसा. मोबाईल आत ठिवा, खाली बगायचं न्हाई, त्या लांबच्या टेकडीकडं बगा. तोंडानं न्हाई, नाकानं श्वास." ऊसतोडीला निघालेल्या पोटुश्या बाया, नव्या नवऱ्या, म्हातारे... तिचं एकदाही चुकलं नाही. लोक म्हणायचे, आक्काला दिसतं. मी आरशात बघून मनात म्हणायचो, दिसतं कसलं, होतं!

तीन वर्षांपूर्वी तिचा खोकला राहीना. आधी रस्त्याची धूळ म्हणून दोन महिने गेले, मग गिरणीचं पीठ म्हणून एक. शेवटी नगरला फोटो काढले, मग ते मोठं गोल मशीन झालं, आणि उजव्या फुफ्फुसात गाठ निघाली. कर्करोग. आयुष्यात जिने विडी हातात धरली नाही तिला. लवकर सापडलंय, डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकू. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडून अजून नगरच निघतं. तर नगरच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही आगारातले सहा जण तिच्या खाटेभोवती उभे होतो. आक्का खाटेवर मांडी घालून बसलेली, दाजी पायथ्याशी, भुवयांत अजून पीठ.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हातात कागद. एकेक प्रश्न विचारत होत्या आणि खुणा करत होत्या. दात हलतात का? दमा आहे का? तंबाखू, मिस्री? आणि मग, वर न बघता, "गाडी लागते का तुम्हाला?"

सहा जण एकमेकांकडे बघू लागले. आणि तो क्षण... देवाने मला माईकची खाज दिली, ब्रेक दिला नाही. मी दोन पावलं पुढे झालो, हात पसरले आणि म्हणालो, "मॅडम, कुणाला विचारताय! अख्ख्या तालुक्याची उलटी या बाईनं थांबवून ठेवलीय!" असा हशा पिकला की शेजारच्या खाटेवरची आजीपण हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या. "कंडक्टर का? बरं, बरं." आक्का माझ्याकडे बघत म्हणाली, "न्हाई ओ मॅडम. मला कुटली लागती." कागदावर खूण झाली. फक्त दाजी हसले नाहीत, पण दाजी कशालाच हसत नसत.

मी विजयी वीरासारखा व्हरांड्यात आलो. तिथल्या नर्सताईंना गमतीने म्हणालो, "काय हो, ऑपरेशन छातीचं आणि चौकशी एसटीची?" त्या औषधांच्या बाटल्या मोजता मोजता म्हणाल्या, "अहो, ज्यांना गाडी लागते त्यांना भुलीनंतर उलट्या जास्त होतात. आणि छातीचं ऑपरेशन म्हटल्यावर उलटी फार वाईट. बरगड्यांमधे टाके, कुशीत नळी... एक उबळ आली तरी माणूस कळवळतं. पूर्ण शुद्ध नसताना उलटी श्वासात गेली तर राहिलेल्या फुफ्फुसाला धोका. नुसती मळमळ असली तरी पेशंट खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साचतो. म्हणून आधी विचारून घेतात."

माझा विनोद आत कागदावर जाऊन बसला होता.

बाकीचे चहाला गेले, दाजी औषधं आणायला गेले, तेव्हा मी आत शिरलो. "आक्का, त्या बाईंना खरं सांग." ती पांघरुणाची घडी घालत होती. "काय खरं?" मी नर्सताईंचं सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीने, हातवारे करून, दोनदा. ती ऐकून म्हणाली, "तेवीस वर्सं काडली, दोन दिस काडीन."

"अगं, इथं बाभळीला धरून वाकता येणार नाही! कुशीत नळी असेल!"

"हळू बोला."

"मी सांगतो त्यांना. त्या कुणाला सांगणार नाहीत."

"एका कागदावर आलं का समद्या कागदावर येतं. आगारात चार पोरी नव्या लागल्यात, डायवरभाऊ. अजून पक्क्या न्हाईत. पैल्या घाटात एकीला ढवळलं ना, तर मी तिला म्हनते, बग, मला काय हुतं का? काय न्हाई हुत. तुलाबी न्हाई हुनार. त्या माज्याकडं बगून उभ्या हायती. उद्या हे भाईर फुटलं तर ती आगारातली मानसं काय म्हनतील? हिला पन लागतच हुती की! बायांचं काम न्हाई ते! चार घरी जातील." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "तुमी स्टेअरिंगवर हात ठिवलाय. मोडली तर मी हितनं उठल्यावर तुमचं त्वांड बगनार न्हाई."

उठल्यावर. मी बाहेर आलो. इकडे शपथ, तिकडे नळी. तिने चार पोरींसाठी गप्प राहायचं ठरवलं होतं, त्याला मी काय बोलणार? आणि नाही बोललो, आणि उद्या या बाईला उबळ आली, तर त्या कागदावरची ती खूण माझ्या हाताची होती. पंधरा मिनिटं मी त्या व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. मग स्वतःला म्हणालो, तोंड नाही बघितलं तरी चालेल, पण न बघायला तरी ती राहिली पाहिजे.

आता डॉक्टरीणबाई सापडेनात. दुसऱ्या मजल्यावर विचारलं तर ऑपरेशनमध्ये आहेत. तिथे दाराशी उभा राहिलो तर आतल्या माणसाने सांगितलं, त्या मागच्या दाराने गेल्या, पाचला निघतात. घड्याळात पाचला सात कमी. मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरलो, एका स्ट्रेचरला जवळजवळ आडवा आलो, आणि गाड्या लावायच्या जागेत त्या स्वतःच्या मोटारीचं दार उघडत असताना गाठलं. दम लागलेला. मोठं भाषण तयार केलं होतं, पण बाहेर आलं ते एवढंच: "मॅडम, तिला लागते. गाडी. मी खोटं बोललो. म्हणजे ती बोलली, पण मी बोलायला लावलं."

त्यांनी दार बंद केलं. मोटारीला टेकून उभ्या राहिल्या आणि माझी सगळी कहाणी ऐकली. बाभूळ, गरम इंजिन, चार पोरी, शपथ. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, "उलटीसाठी मी चार गोष्टी बघते. पेशंट बाई आहे का. विडी-सिगारेट ओढत नाही का."

"न ओढणाऱ्यांना जास्त होतं?"

"हो. विचित्र आहे, पण आहे तसंच. तिसरी, गाडी लागते का. आणि चौथी, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून अफूच्या जातीची औषधं लागणार का."

मी बोटं मोजली. चारपैकी चार. आयुष्यात आक्काला पैकीच्या पैकी मिळाले ते इथे.

"मग आता?"

"मग नाकातोंडातून वायूची भूल न देता शिरेतून देते. पाठीत मणक्याजवळ एक बारीक नळी घालून छातीचा तेवढा भाग बधिर ठेवते, म्हणजे ती अफूवाली औषधं कमी लागतात. आणि उलटीवर एकाच औषधावर न थांबता वेगवेगळ्या जातीची तीन देते, तीही ती जागी व्हायच्या आधीच. आलेली उलटी थांबवण्यापेक्षा ती येऊच न देणं बरं."

"तरी आली तर?"

"तरी येऊ शकते. मग आणखी एक औषध आहे. खात्री मी कुणालाच देत नाही." आणि मग, माझा चेहरा बघून, "माझ्या तोंडून हे कुणाला कळणार नाही. तिलासुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. जाताना ती माझ्याशी बोलली, म्हणजे तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "दाजींना च्या पाजा. त्ये मागनार न्हाईत." चार तास लागले. दाजी बाकावर बसून होते, गुडघ्यांवर हात, नजर दारावर. मी मात्र बोलत होतो, अखंड, कुणाशीही. दुपारी डॉक्टर बाहेर आले, गाठ पूर्ण निघाली म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण माझं ऑपरेशन आता सुरू होत होतं. ती शुद्धीवर येणार होती.

अतिदक्षता विभागाच्या दाराला हातभर काच आहे. तिच्यातून तिची खाट अर्धी दिसायची. दाजी आणि मी आळीपाळीने डोळा लावायचो. तासाभराने तिचं डोकं हललं. मग हात वर आला... तिथली नर्स धावली, हातात तो स्टीलचा अर्धगोल ट्रे. आक्काचे ओठ हलताना दिसत होते. मी दाजींचा दंड धरला, इतका घट्ट की नंतर तिथे वळ दिसला. नर्स वाकली, ऐकलं, पुन्हा वाकली. आणि मग ती हसायला लागली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या पेशंटला काही त्रास नाही हो. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंना उमासे येतायत, ते ऐकून या डोळे मिटूनच मला म्हणतात, 'त्या बाईला पुढच्या शिटावर घ्या. आन् खिडकी उघडा.'"

त्या दिवशी तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिला पहिल्यांदा उठवून बसवलं, आणि कानशिलं गार पडली. तो रंग मला माहीत होता, आरशात हजार वेळा बघितलेला. मी भेटायला आत गेलेलो, दोन हात अंतरावर, आणि इंजिन बंद करायला इथे माझ्या हातात काही नव्हतं. नर्सने लगेच सुई दिली. आक्काने उशी कुशीशी धरली आणि समोरच्या भिंतीवर नजर लावली. भिंतच ती, टेकडी कुठून आणणार... पाच मिनिटं. सात. मग गालांवर हळूहळू रंग आला. तिने खोल श्वास घेतला, तोंड वाकडं करून खोकली, शिकवल्यासारखी. दुपारी पेज प्यायली. आठव्या दिवशी घरी.

दीड महिन्याने ती आजारपणाच्या रजेचे कागद द्यायला आगारात आली. सगळ्यांना भेटली, त्या चार पोरींनी तिला गराडा घातला. मग माझ्या उभ्या गाडीजवळ येऊन म्हणाली, "हात ठेवा." मी केबिनमध्ये, ती खाली. "आता सांगा. डॉक्टरीनबाईला कोन बोललं? मला पाठीत नळी, तीन-तीन सुया... शेजारच्या बाईला एकच. मी काय येडी हाय?"

माझा हात स्टेअरिंगकडे गेला आणि हवेत थांबला. ठेवताच येईना. ती बघत राहिली. मागच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला. शेवटी म्हणाली, "मी मेल्यावर लिवा काय लिवायचं त्ये. तवर पोरी पक्क्या झालेल्या असतील. जित्यापनी एक अक्षर न्हाई." आणि निघून गेली. चार दिवस तिने माझं तोंड बघितलं नाही. पाचव्या दिवशी फोन आला, गव्हाचं पीठ न्यायला या म्हणून.

पुढे ती गाडीवर आली नाही, चौकशीच्या खिडकीत बसली. दोन वर्षं बरी गेली. मग ते दुखणं परत आलं, या वेळी नको तिथे, आणि ऑपरेशनचा प्रश्न उरला नाही. पोरी चौघीही पक्क्या झाल्या आहेत. तिच्या तेराव्याला चौघी आल्या होत्या, ड्युटी बदलून.

हे छापायला द्यायच्या आधी एका माणसाची परवानगी घ्यायला हवी होती. आपल्या बायकोने इतकी वर्षं आपल्यापासूनसुद्धा हे लपवलं, हे त्या माणसाला पेपरात वाचून कळावं? परवा मी गिरणीवर गेलो. गिरणी पुन्हा सुरू झाली आहे. पाच-सहा बाया डबे घेऊन रांगेत. दाजी जात्याचा चाप कसत होते. मी त्यांना बाजूला घेतलं, आवाज उतरवला. दाजी, एक गोष्ट आहे, वाईट वाटून घेऊ नका, तिने तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच... असं करत करत, माझ्या साऱ्या कलेनिशी, मी ते सांगितलं. करंजीचा घाट, शपथ, मोटारीजवळची भेट. ते ऐकत होते. हातातला पाना फिरवत होते. मला वाटलं, गिरणीच्या आवाजात यांना काही ऐकूच गेलं नाही.

मग ते म्हणाले, "मीबी गेल्तो."

"कुठं?"

"त्या भुलीच्या डॉक्टरीनबाईकडं. औषदं आनाय म्हनून खाली गेलो ना, तवा. तुमच्या आदी. त्या म्हनल्या, कुनाला सांगत न्हाई."

म्हणजे ती बाई मोटारीला टेकून माझं सगळं नाटक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तोंडावरची रेष न हलवता बघत होती! आणि हा माणूस अतिदक्षतेच्या काचेशी माझ्या शेजारी उभा होता, मी दंडाला वळ काढला तरी गप्प. माझा आवाज चढला. "पण दाजी, तुम्हाला कुणी सांगितलं? ती तर कुणाला बोलली नव्हती! मला शपथ घातली होती! तुम्हाला कळलं कसं?"

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला ओरडताना ऐकलं, गिरणीच्याही वर, रांगेतल्या सगळ्या बायांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने:

"आवो, तेवीस वर्सं तिचा खाकी डरेस मीच धुतलाय की!"